न ओवलेली कार्डं

ज्यांच्या घरात कुणाच्या डोक्याला विजेचे झटके द्यायचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टर सगळं समजावून सांगतील, या भरवशावर राहू नका. घरचे तर मुळीच सांगणार नाहीत. मला अकरा झटके दिले. त्यांच्यामुळे मी जगलो हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की हा माणूस कृतघ्न आहे. तसा मी थोडा आहेच.

मी दत्ताराम. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खोलीत मी, आई आणि माझी बायको मालती. मालती गिरगावातली, सातवीपर्यंत शिकलेली. तिची आई लहानपणीच वारली, त्यामुळे माहेर म्हणजे बाप आणि एक भिंतीवरचा फोटो. मी परळच्या एका गिरणीत साचेखात्यात जॅकार्डची कार्डं पाडतो. जॅकार्ड म्हणजे काय ते पुढे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझ्या डोक्याचं काय झालं ते सांगता येत नाही.

आजाराची हकिकत निदानाच्या दिवसापासून सुरू करायची असते. माझी तशी करता येत नाही. तो दिवस माझ्याकडे नाही.

*

मला आठवतं ते असं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर गोळीबार झाला त्या हिवाळ्याच्या आधीचा पावसाळा. मी खात्यात पंख्याखाली बसून एका हॉटेलच्या टॉवेलांची कार्डं पाडतोय. त्यानंतर एकदम पांढरं छत, तोंडात रबराची चव, आणि खिडकीबाहेर कुणीतरी होळीची लाकडं मागत फिरतंय. मधले सात-आठ महिने नाहीत. अंधुक आहेत असंही नाही. नाहीतच.

आईने सांगितलं की गोळीबाराला मी भ्यालो. रस्त्यावर माणसं पडलेली बघितली आणि डोकं फिरलं. खाणं सोडलं, बोलणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून बसलो. आधी देवाला कौल लावला, मग एक भगत झाला, मग आक्काच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, इस्पितळात नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. भावोजी म्हणाले, मेलंकोलिया. आईला वाटलं ते औषधाचं नाव आहे. ती शेजारी सांगत सुटली की दत्तूला मेलंकोलिया चालू केलाय.

मी विचारलं, मालती कुठे होती? आई म्हणाली, घरातच होती, आणखी कुठे जाणार?

*

इस्पितळात सकाळ चहावरून कळायची. वॉर्डात तीस खाटा. जर्मन धातूचे पेले घेऊन मावशी खाटांच्या रांगेतून यायची. ज्याला चहा मिळाला तो त्या दिवसापुरता वाचला. ज्याच्या खाटेपाशी न थांबता ती पुढे गेली, त्याला त्या दिवशी शॉक. रिकाम्या पोटी द्यावा लागतो म्हणून तसं होतं, पण हे कुणी सांगत नसे. आम्ही आपले पेल्यांच्या आवाजाकडे कान लावून पडायचो. मोठमोठे बाप्ये मी अर्ध्या कप चहासाठी रडताना बघितलेत. मीही रडलो.

चौघे धरायचे. दोघे खांदे, दोघे पाय. तोंडात रबर. बाकीचं सांगत नाही. सांगण्यासारखं मला आठवतही नाही, एवढाच काय तो दयाळूपणा.

मावशीबद्दल मात्र सांगतो. शॉकनंतर माणूस जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही येत नाही, आणि त्या भीतीपुढे शॉकची भीती काहीच नाही. मावशी प्रत्येकाच्या उशाशी बसायची, लाळ पुसायची आणि कानात सांगायची, "तू दत्ताराम. आज बुधवार. चहा ठेवलाय." तिला कुणी हे काम सांगितलेलं नव्हतं. अख्ख्या इस्पितळात औषध म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते झाडू मारणाऱ्या बाईकडे होतं.

*

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता. बरा होता. रोज सकाळी मला दहा शब्द सांगायचा, आंबा, कुलूप, छत्री असे, आणि संध्याकाळी विचारायचा. सुरुवातीला मला एकही यायचा नाही. सकाळी कुणी शब्द सांगितले होते, हेच आठवायचं नाही. पण त्याने विचारलं, तू काम काय करतोस, तेव्हा मी जॅकार्ड इतकं बिनचूक समजावलं की तो वही काढून लिहायला लागला. म्हणाला, हे कसं काय येतं तुला? मग मी त्याला माझ्या पद्धतीने सांगितलं.

जॅकार्ड हे साच्याच्या, म्हणजे मागाच्या, डोक्यावर बसवलेलं यंत्र. ते पुठ्ठ्याची कार्डं वाचतं. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोरीने एकमेकांना ओवायची, त्यांची माळ करायची, की साच्यावर फूल उमटतं, वेल उमटते, हॉटेलचं नाव उमटतं. यंत्राला फूल ठाऊक नसतं. त्याला भोक आहे की नाही एवढंच ठाऊक असतं.

मी म्हटलं, डॉक्टर, माणसाचंही असंच असावं. दिवसभरात जे घडतं त्याची कार्डं पडतात. पण ती लगेच ओवली जात नाहीत, टेबलावर सुटी पडून असतात. हळूहळू, सवडीने, कुणीतरी ती ओवतं. जुन्या माळा खुंटीला टांगलेल्या असतात, त्यांना काही होत नाही. म्हणून माझी शाळा आहे, बापाचा आवाज आहे, हातातलं काम आहे. तुम्ही वीज लावलीत तेव्हा टेबलावरची सुटी कार्डं उडाली. आणि आता तुमचे दहा शब्द येत नाहीत, कारण ओवणाराच अजून शुद्धीवर नाही.

मग मी आजाराचंही सांगितलं. कधी कधी साचेवाला चुकून चार-पाच कार्डांचीच माळ चढवतो. मग तेवढंच नक्षीकाम पुन्हा पुन्हा येत राहतं, वारभर, दहा वार, कुणी थांबवेपर्यंत. मी भिंतीकडे बघत बसलो होतो म्हणतात, तेव्हा डोक्यात अशीच माळ फिरत असणार. ती तुम्ही तोडलीत. पण तिच्यावर काय होतं?

त्याने वही मिटली. मग कानाच्या वर बोट ठेवून म्हणाला की आत खोल कुठेतरी ओवायची जागा असावी असं काही लोकांना वाटतंय, नक्की कुणालाच माहीत नाही. माळेवर काय होतं ते त्याने सांगितलं नाही. माझ्या कागदात ते लिहिलेलं असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढची चार वर्षं वाचली असती.

*

घरी आलो. चाळीने माझं स्वागत फार प्रेमाने केलं. एवढं प्रेम की मला संशय यायला हवा होता. आमच्या चाळीत कुणाच्या पातेल्यात काय शिजलं ते खालच्या मजल्यावर आधी कळतं. तीच माणसं माझ्याशी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडायला लागली. मी गॅलरीत आलो की बायका बोलायच्या थांबायच्या. मला वाटलं, वेड्याला घाबरतात. ते सोपं होतं, म्हणून तेच मानलं.

आणि भित्रेपणा तर माझ्या नावावर लागलेलाच होता. लालबाग-परळात त्या वर्षांत ज्याच्या अंगावर लाठीचा वळ नाही तो पुरुष नाही. कोण मोर्चात कुठे होता, कुणी संचारबंदी मोडली, कोण तुरुंगात गेला, हेच सगळीकडे चालायचं. मी जवळ गेलो की विषय बदलायचा. एकदा कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक नवखा माणूस मला म्हणाला, तुम्ही कुठे होता हो त्या दिवशी? बाकीच्यांनी त्याला पायाने ढोसलं. मी चहा तसाच ठेवून उठलो. मला त्या वेळी माझी इतकी लाज वाटली की त्यानंतर मी एकाही सभेला गेलो नाही.

काम मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. भोकं पाडायच्या यंत्राच्या कळांवर बोटं ठेवली आणि कार्ड पडायला लागलं. डोक्याला जे ठाऊक नव्हतं ते बोटांना होतं.

घरात मालती बदलली होती. कशी ते मला सांगता यायचं नाही, कारण आधीचे महिने माझ्याकडे नव्हते, ताडून बघणार कशाशी? मी बोलायचो, ती हो म्हणायची. मी मुलाबाळांचा विषय काढला की ती पाणी भरायला जायची. वर्षाने पुन्हा काढला, पुन्हा पाणी. गावाला गेलो की तिकडच्या बायका तिला देवीच्या पायऱ्या झाडायला लावायच्या, ओटी रिकामी म्हणून. ती झाडायची. आईही तिथेच उभी असायची. 

*

मग महाराष्ट्र झाला. त्या मे महिन्यात चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. संचारबंदीत जे जे बाहेर पडले होते त्या सगळ्यांना चाळ कमिटीने खाली बोलावून हार घातले. अठरा-वीस जण असतील. एकजण तर त्या वेळी फक्त पान आणायला बाहेर पडला होता, त्यालाही हार. मी खिडकी लावून आत बसलो. मालती दाराशी उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, जा ना खाली, नवरा भित्रा असला म्हणून तू कशाला कोंडून घेतेस? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. तिने दार लोटून घेतलं आणि ती तांदूळ निवडत बसली.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या खात्याचे जुने जॉबर, म्हणजे मुकादम, सावंतकाका कामावरून कायमचे उतरले. त्यांचं कपाट माझ्याकडे आलं. त्यात नक्षीचे जुने नकाशे, सुया, दोरीचे गुंडे, आणि सगळ्यात खाली फडक्यात बांधलेली चाळीसेक कार्डांची एक लहान माळ.

इथे आमच्या खात्याची एक रीत सांगायला हवी. कुणाच्या घरी पहिलं मूल झालं की बारशासाठी आम्ही एक दुपटं विणायचो. ताणा संपत आला की शेवटी हातभर उरतो, तो तसा वायाच जातो. त्यावर मुलाचं नाव काढायचं. कार्डं बापाने स्वतः पाडायची. त्याला येत नसलं तर मी त्याच्या बोटांवर बोटं ठेवून पाडून घ्यायचो. बाराव्या दिवसापर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. पाळण्यात आत्या कानात सांगेल तेव्हाच सगळ्यांना कळायचं आणि मग दुपटं उघडायचं. साहेब लोक तिकडे बघायचे नाहीत.

मी ती कार्डं जमिनीवर एकाखाली एक मांडली. सवय असली की भोकांतून अक्षर दिसतं. वेणू. पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन जादा भोकं होती. ती माझी खूण आहे. आणि दोरीची गाठ माझी होती, माझ्यासारखी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

खात्यात कुणाला वेणू नावाची मुलगी नव्हती. एकेकाचं नाव घेऊन मी दोनदा तपासलं. 

*

सुटी झाल्यावर तसाच काळाचौकीला सावंतकाकांच्या खोलीवर गेलो. ते खाटेवर बसले होते. मी पिशवीतून माळ काढली आणि विचारलं, ही कुणाची?

त्यांनी आधी दार लावायला सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या चेडवाचा नाव तां."

मला मुलगी झाली होती. गोळीबाराच्या आठवड्यात, आमच्याच खोलीत. ती नऊ दिवस जगली. नवव्या दिवशी तापाने फणफणली. बाहेर संचारबंदी. सगळे नको नको म्हणत असताना मी तिला माझ्या सदऱ्यात गुंडाळून परळच्या इस्पितळाकडे निघालो. पुढे दगडफेक चालू होती, मी थांबलो नाही. सावंतकाका गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर होते, मग तेही मागे फिरले. हे सांगताना ते रडायला लागले. मी तासाभराने परत आलो तो मुलगी तशीच छातीशी धरून. कुणाला घेऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि माझी बोटं गुडघ्यावर आपटत राहिली. सगळे म्हणाले, फिट येते. सावंतकाकांनी ओळखलं. मी कार्ड पाडत होतो.

कार्डं त्यांना टाकवली नाहीत. नाव टाकायचं कसं, म्हणाले.

म्हणजे त्या अठरा-वीस जणांसारखा मीही संचारबंदीत बाहेर पडलो होतो. हार घालणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

*

आईला विचारलं तेव्हा ती घाबरली नाही, उलट मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले होते की याला त्रास होईल असं काही बोलू नका. शॉकनंतर मी मुलीचं विचारलंच नाही, तेव्हा तिला वाटलं देवाने गाऱ्हाणं ऐकलं. आक्का आणि ती दोघींनी मिळून पाळणा देऊन टाकला, चाळीतल्या घराघरात जाऊन पाया पडून सांगितलं, आणि गोळीबाराची गोष्ट रचली. पन्नास खोल्यांनी चार वर्षं तोंड उघडलं नाही. चाळीने कधी काही गुप्त ठेवलं असेल तर ते हे एकच. "देवान पुसल्यान तां बरां झालां," आई म्हणाली. "परत कोणी लिवायचा?"

मी तिच्यावर ओरडलो नाही. तिची माया खरी होती. मला राग आहे तो त्या मायेचाच. मला बरं करायला त्यांनी मला भित्रा केलं, ते एक वेळ मी गिळीन. पण दोन महिन्यांच्या बाळंतिणीला, जिचं दूध नुकतं कुठे आटलं होतं, तिला सांगितलं की मुलगी झालीच नाही असं वाग. मी इस्पितळातून येऊन तिला विचारलं होतं, यंदा दिवाळीला आपण काय केलं गं? आणि तिने सांगितलं होतं, करंज्या.

म्हणून तुम्हाला सांगतो. झटक्यांना घाबरू नका, लागत असतील तर घ्या. पण आधी एका वहीत सगळं लिहून ठेवा, नाहीतर भरवशाच्या एका माणसाकडून लिहून घ्या, आणि शुद्धीवर आल्यावर ती वही मागा. देत नसतील तर आदळआपट करा. माणूस किती सोसू शकतो हे ठरवायचा हक्क घरच्यांना देऊ नका. ते नेहमी कमी ठरवतात, आणि उरलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकतात.

*

आई देवळात गेली होती. मी ती कार्डं मालतीसमोर जमिनीवर मांडली. सावंतकाकांकडे गेलो होतो, सगळं कळलं, असं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही. तिला रडायचं ते तिने चार वर्षांत मोरीच्या आडोशाला रडून घेतलं असणार.

मी म्हटलं, यात तिचं नाव आहे. तिला भोकांतलं अक्षर दिसेना, म्हणून तिचं बोट धरून फिरवलं. वे. मग णू.

"नाव होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं ठेवलंच नव्हतं. नऊ दिवस विचारत होते तुम्हाला. हसायचात नुसते."

ती मनातल्या मनात तिला काय म्हणायची ते मी विचारलं. काहीच नाही, म्हणाली, बिननावाच्या पोराला काय म्हणणार? मग मी विचारलं की ती दिसायला कशी होती. मालती थोडा वेळ कार्डांवर हात ठेवून बसली. सांगेन कधीतरी, म्हणाली, आज नाही. एवढी वर्षं मला कुणी विचारलं नाही, आता एकदम नाही काढून देता येणार. तिचं बरोबर होतं.

मग तिने ते नाव एकदा हळू म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं. आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे पूर्वीसारखी, माझ्याकडून काहीतरी हवं असल्यासारखी बघायला लागली.

"आमच्यात कुणी वेणू नाही," ती म्हणाली. "तुमच्यातही नाही. हेच नाव का ठेवलंत?"

मी कार्डं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा बघितली. ती थांबली होती. जगात हे एका माणसालाच ठाऊक होतं, आणि तो मी होतो.

"माहीत नाही," मी म्हटलं.